भिवराच्या दारातला पाळणा

‘पाळत’ हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. समोरच्याला कळू न देता त्याच्या व्यवहारावर नजर ठेवणे, ही पाळत. उघडपणे पाहणाऱ्याकडे आपणही वळून पाहू शकतो. पाळत ठेवणाऱ्याकडे पाहता येत नाही. हा भेद ध्यानी असला म्हणजे पुढील कथा कळते.

पेठेच्या एका गावी एका वृद्ध आचार्यांचा शिष्य अध्ययन संपवून व्यापाऱ्याच्या चाकरीस लागला. काम आरोळी देऊन माल विकण्याचे. पण नुसती आरोळी त्याला हलकी वाटे. तो पाणवठ्यावर रेंगाळे, परसातली वाळवणे न्याहाळी, कोणी बाजारातून काय नेले याची माहिती काढी, आणि ज्याला जे हवे तेच घेऊन नेमका दारात उभा राही. “माणूस आहेस की मनकवडा?” असे म्हणून व्यापारी त्याची पाठ थोपटी.

भिवरा ही कोष्ट्याची सून. ती वरचेवर चिंचा नेऊ लागल्याचे त्याने हेरले. दुसऱ्या कोणी गाठण्याआधी आपण गाठावे, म्हणून काही आठवड्यांनी तो रंगवलेला पाळणा खांद्यावर घेऊन तिच्या दारी गेला.

“वहिनी, बाळराजांसाठी आणलाय,” तो खणखणीत स्वरात म्हणाला.

आतून मागाचा आवाज थांबला. सासू बाहेर आली. “कसलं बाळ गं?”

भिवरा पाळण्याकडे पाहत राहिली. “ते राहिलं नाही,” ती म्हणाली. “आम्ही दोघांनी कुणाला सांगितलंच नव्हतं. तुम्हाला कुणी सांगितलं, भाऊजी?”

तो पाळणा घेऊन तसाच मागे फिरला.

दुसऱ्या दिवसापासून तो दिसताच आळीतली दारे लागू लागली. खिन्न होऊन तो आचार्यांकडे गेला. ते ओसरीवर एका घोंगडीवाल्याशी हसतखेळत घासाघीस करीत होते. शिष्याला पाहताच ते उठले, आत गेले आणि त्यांनी दाराला कडी घातली.

“गुरुजी, मी काही विकायला आलो नाही.”

“विकायला आला असतास तर दार उघडं ठेवलं असतं,” आतून शब्द आले. “या घोंगडीवाल्याला मी नको म्हणालो तर तो पुढे जाईल. त्याला माझ्याविषयी काही ठाऊक नाही. तू आलास की मला आठवावं लागतं, काल मी परसात काय वाळत घातलं होतं. स्वतःच्या घरात असं चोरट्यासारखं वावरायचं कुणी?”

“मी कुणाचं काही चोरलं नाही, गुरुजी.”

“चोरलेली वस्तू परत करता येते. त्या मुलीनं जे कुणाला सांगितलं नव्हतं, ते तिला परत कसं करशील?”

शिष्याने दार ठोठावायला उचललेला हात खाली घेतला. कोष्टीआळीतून परतताना त्याने मान वर केली नाही. कोणाच्या परसात काय होते, ते त्या दिवशी प्रथमच त्याला ठाऊक नव्हते.

आचार्यांना विक्रेत्यांचा तिटकारा होता म्हणून त्यांनी दार लावले, असे ही कथा सांगणारे बहुधा सांगतात. मोबाईलवर आपला माग काढणाऱ्या जाहिराती अडवणाऱ्यांविषयीही आपण तेच म्हणतो. दोन्ही चूक. माल नाकारण्यासाठी दार लावावे लागत नाही. नको म्हटले की पुरते.