गलबतावरचा मोरावळा

फार पूर्वी एका खाडीच्या मुखाशी एक लहानसं बंदर होतं आणि त्या बंदरात द्वारका नावाची एक बाई राहायची. तिच्या हातचा मोरावळा साऱ्या पंचक्रोशीत नावाजलेला.

कार्तिक लागला की द्वारका डोंगर चढायची. रानआवळ्याच्या झाडाखाली जुनं लुगडं अंथरून फांद्या हलवायची आणि पडलेल्या आवळ्यांतले टणक, बिनडागी तेवढेच ओटीत घ्यायची. घरी आणून धुवायची, फडक्यावर पसरून कोरडे करायची, दाभणाने टोचायची, जेमतेम वाफवायची आणि पाकात सोडायची. मग बरणीच्या तोंडाला फडक्याचा दादरा बांधून वीस दिवस कोणाला हात लावू द्यायची नाही.

तिचा मोरावळा गोड असला तरी चांगलाच आंबट असायचा. पहिल्या घासाला माणूस डोळे घट्ट मिटून घ्यायचा. दुसरा घास मात्र तो आपणहून मागायचा.

एका वर्षी आवळे नुकतेच तयार झाले होते, तेव्हा बंदरातला नाखवा तिच्या दारात आला. त्याचं गलबत मार्गशीर्षात दूरच्या मुलुखाला निघायचं होतं. गेल्या सफरीत महिनोन् महिने ताजं फळ, पालेभाजी दिसली नव्हती. खलाशांच्या हिरड्या सुजल्या, दात हलले, अंगातलं बळ गेलं. दोन माणसं परत आलीच नाहीत. वैद्यबुवांनी सांगितलं होतं, की या खेपेला आवळा बरोबर न्या.

"द्वारकाबाई, दहा बरण्या हव्यात," नाखवा म्हणाला.

द्वारकेने त्याच्या हातावर गेल्या वर्षीचा एक आवळा ठेवला. नाखव्याने तो तोंडात टाकला आणि त्याचा चेहरा एकदम आक्रसला.

"अहो बाई, हा तर दात आंबवतो! माझे खलाशी हे तोंडात धरायचे नाहीत. जरा गोड करा की."

"गोड करता येतो, नाखवा," द्वारका म्हणाली. "खोल टोचायचा, चार दिवस चुन्याच्या निवळीत ठेवायचा, पिळून पाणी फेकायचं आणि वर साखर ओतायची. एका लग्नाच्या पंगतीसाठी मी तसा केलाही होता. पण तो पंगतीचा पदार्थ झाला. त्यात आवळ्याचा गुण राहत नाही."

"गुण पोटात गेला तर ना उपयोगाचा? थुंकून टाकला तर काय करायचं?"

नाखव्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. द्वारकेने क्षणभर विचार केला. तिचा सख्खा धाकटा भाऊ दामू त्याच गलबतावर सुकाणू धरायचा. जे काही बरणीत जाईल, ते त्याच्याही पोटात जाणार होतं.

"मी करीन तर असाच करीन," ती शांतपणे म्हणाली. "तुमच्या माणसांच्या जिभेसाठी नाही, जिवासाठी."

नाखवा तिथूनच माघारी फिरला. तो थेट बाजारातल्या हलवायाकडे गेला. हलवाई म्हणाला, "नाखवा, असा मोरावळा देतो, की तुमचे लोक बोटं चाटत राहतील!"

आठ दिवसांनी द्वारका हलवायाच्या मागच्या अंगणावरून जात होती. तिथे दोन माणसं आवळे पिळत होती आणि रस मोरीतून वाहत होता. तिला राहवलं नाही.

"हलवाईदादा, खरं औषध तुम्ही मोरीत सोडलंत."

हलवाई मनाचा वाईट नव्हता. तो हसून म्हणाला, "काकू, जिभेला जे आवडतं तेच माणूस खातो. माझा पाक तर बघा!" त्याने पळी उचलली. सोनेरी पाकाची तार लांबत गेली, तुटली नाही. द्वारकेने मान डोलावली. पाक खरोखरच सुरेख होता. पण आवळे चोथ्यासारखे पांढुरके पडले होते.

गलबत निघायच्या दिवशी द्वारका धक्क्यावर गेली. बरोबर चार मोठ्या बरण्या होत्या. खलाशांनी एकेक आवळा चाखला आणि एकच हशा पिकला. "दामूच्या बहिणीने आमच्यावर कसला राग काढलाय!" कोणीतरी म्हणालं. दामू ओशाळला.

"अक्का, कशाला आणल्यास? कोणी खाणार नाही."

"नाही खाल्लं तर राहू दे. तू त्या खाली नीट बांधून ठेव. आणि ओला हात लावू नकोस, बुरशी येईल. वेळ आलीच तर माणशी रोज अर्धा आवळा."

शिडं फुगली. गलबत निघून गेलं.

चैत्रात ते परतायचं होतं. चैत्र संपला. वैशाख अर्ध्यावर आला, तरी गलबताचा पत्ता नाही. बायका धक्क्यावर येऊन बसायच्या आणि दिवेलागणीला परत जायच्या. द्वारकाही यायची. एकदा तिच्या मनात आलं, आपण थोडं नमतं घेतलं असतं तर? निम्मा आंबट, निम्मा गोड असा काही केला असता, तर निदान सगळ्या बरण्या आपल्या हातच्या गेल्या असत्या. पण आपण केलं ते चुकलं, असं मात्र तिला एकदाही वाटलं नाही.

वैशाखाच्या शेवटी, भर दुपारी, ओरडा झाला. ठिगळं लावलेलं शीड खाडीत शिरत होतं.

माणसं वाळली होती, पण आपल्या पायांनी उतरत होती. द्वारका मोजू लागली. चौदा गेले होते. तिने चौदा मोजले, मग दामूला गच्च धरलं.

दामू सांगू लागला. हलवायाचा मोरावळा इतका गोड होता, की खलाशी येताजाता बोटं घालायचे. महिन्याभरात दहाच्या दहा बरण्या रिकाम्या आणि पोटात गेली ती नुसती साखर. पुढे डोलकाठी मोडली, वारा पडला आणि गलबत जागच्या जागी अडकलं. एकाच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, मग तिघांच्या, मग सात जणांच्या. नाखवा स्वतः आडवा झाला.

"तेव्हा तुझं बोलणं आठवलं आणि खाली उतरलो, अक्का. तुझ्या चार बरण्या जशाच्या तशा. आंबट म्हणून कोणी शिवलंच नव्हतं ना! मी अर्धा अर्धा आवळा वाटायला लागलो. पहिल्या दिवशी शिव्या खाल्ल्या. दहाव्या दिवशी लोक ओळीने उभे राहायला लागले."

दुसऱ्या दिवशी नाखवा काठी टेकत द्वारकेकडे आला आणि ओसरीवर बसला.

"बाई, मी माझ्या माणसांना खूश करायला निघालो होतो. त्यांना जगवायचं कसं, ते तुम्हाला ठाऊक होतं. माझं चुकलं."

"सगळे घरी आले, नाखवा. आणखी काय हवं?" द्वारका म्हणाली. "पाणी आणू?"

पण खरी गंमत कार्तिकात झाली. डोंगरावर जायला निघालेल्या द्वारकेच्या दारात हलवाई उभा होता. मान खाली, काखेत रिकामी टोपली.

"काकू, मला शिकवाल? आवळा किती वाफवायचा, कुठे थांबायचं?"

द्वारकेने दाराला कडी घातली. "शिकवीन," ती म्हणाली. "पण पाक तुम्ही करायचा. माझ्या पाकाची तार अजून तुमच्यासारखी येत नाही."

त्या वर्षी दोघांनी मिळून वीस बरण्या भरल्या. त्या सगळ्या आंबटच होत्या आणि एकही गलबत त्यांच्यावाचून बंदरातून सुटलं नाही.

तात्पर्य: लोकांना गोड वाटावं म्हणून ज्याने अंगातला गुणच पिळून टाकला, तो अडल्या वेळी कोणाच्या कामी येत नाही. आपला आंबटपणा खरा असेल, तर तो राखावा. आणि दुसऱ्याच्या हातची गोडी चांगली असेल, तर तीही मोकळ्या मनाने मागून घ्यावी.