हत्तीला बगळ्याची चोच

पुष्कळ जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा डोंगर आजच्यापेक्षा बोटभर उंच होते.

एक राज्य होतं. तिथल्या माणसांच्या पायांना भारी खाज. मूल रांगायला लागलं की आधी उंबरा ओलांडायचं आणि मग आईला शोधायचं. जंगलं, बेटं, वाळवंटं, सगळं त्यांनी पालथं घातलं होतं. राहिला होता फक्त उत्तरेचा कडा. राज्यातली नदी त्या कड्याखालच्या भुयारात शिरायची. पलीकडे ती कुठे निघते, कुणालाच ठाऊक नव्हतं.

राजाचा वाटाड्या येसबा म्हणायचा, "पलीकडे माणसं आहेत. आपल्यासारखीच शहाणी."

राजज्योतिषी हसायचे. "शहाणी असती तर एव्हाना इकडे आली नसती का? सात पिढ्यांत कुणी फिरकलं? असलीच तर मेंढरं असतील!"

राजा म्हणाला, "येसबा, पुरावा आण. नाही आणलास तर हे पागोटं उतरव आणि राजवाड्याची बदकं राख."

पागोटं येसबाच्या आजोबांपासूनचं होतं. तो निघाला. शिदोरी मात्र त्याने दोघांची घेतली. पलीकडचा वाटाड्याही निघालाच असेल, खिंडीत गाठ पडेल, असा त्याचा अंदाज. नऊ दिवस चढला. खिंडीत चिटपाखरू नव्हतं. दुसऱ्याची भाकरीही त्यानेच खाल्ली, जरा रागारागानेच.

खाली उतरतो तर काय, गाव! दगडी पाटाने घरोघरी पाणी खेळवलेलं. ताऱ्यांच्या चाली मोजायला चौकात खांब रोवलेले. ओट्यावर एक म्हातारी सूत कातत बसली होती.

"ये बाबा, पाय धू," ती म्हणाली.

"आजी, मी आलो याचं नवल नाही वाटलं?"

"कसलं नवल? नदीतून तुमचं सगळं येतंच की. खडावा, परड्या, झेंडू. यंदा झेंडू कमी आला. पाऊस लांबला ना तिकडे?"

खरंच लांबला होता.

"एवढं कळतं, तर कधी आला का नाहीत?"

"कशाला?" म्हातारीने त्याच्या पायांकडे काळजीने पाहिलं. "तुझं घर पडलं का रे?"

"नाही."

"बायकोनं हाकललं?"

"नाही हो, आजी!"

"मग आजारच आहे," म्हणत तिने पायांना लावायला लेप आणून दिला.

येसबाने हात जोडले. "एक माणूस द्या सोबत. नाहीतर माझं पागोटं जातंय."

सगळं गाव पोट धरून हसलं. कुणी उठलं नाही. म्हातारीला मात्र दया आली. तिने फळीवरून एक लाकडी हत्ती काढला. "नदीतून मोडका आला होता. नीट केलाय. हा ने."

दरबारात हत्ती पाहून ज्योतिषी खो खो हसले. सोंडेच्या जागी बगळ्याची चोच होती! सुबक, सांधाही दिसू नये अशी.

"वाटेत कुठल्या जत्रेत घेतलास रे?"

पण राजा उठला. हत्तीच्या कानावरचे चावल्याचे ठसे त्याने चाचपले. "हे दात माझे. पाच वर्षांचा असताना मी रागाने याची सोंड मोडली आणि नदीत फेकला. आजवर कुणाला सांगितलं नाही. पण ही चोच?"

"त्यांनी हत्ती पाहिलेला नाही, महाराज. बगळे रोज पाहतात. मोडल्या जागी काय असेल याचा विचार केला आणि ठाऊक होतं ते जोडलं. बुद्धीची माणसं आहेत. फक्त निघत नाहीत."

"बुद्धी आहे आणि निघत नाहीत?" ज्योतिषी कडाडले. "असं कसं होईल?"

"तीच तर आपली चूक, ज्योतिषीबुवा. त्यांनी आपल्या हत्तीला बगळ्याची चोच जोडली, आणि आपण त्यांना आपले पाय जोडले. मीसुद्धा. दोघांची भाकरी नेली होती मी."

पागोटं डोक्यावर राहिलं. बदकं ज्योतिष्यांकडे गेली. लेप राजाने आठ दिवस पायांना चोळला. काही गुण आला नाही. नवव्या दिवशी स्वारी खिंडीकडे निघाली, एकट्यापुरती शिदोरी घेऊन.

तात्पर्य: बुद्धी कुठेही असू शकते, पण आपल्या पायांची खाज तिलाही असेलच, असं धरून चालू नये.