तांब्याच्या झिलूचं खोटं

डोंगराच्या कुशीत एक नगर होतं, आणि त्या नगरात ताप होता. साधासुधा नव्हे, तीन दिवसांत लेकरू नेणारा ताप. औषध नव्हतं असं मात्र कुणी म्हणू नये. राजाच्या बागेत सोनसालीचं झाड होतं. त्याच्या सालीचा घोटभर काढा पोटात गेला की ताप उतरलाच. पण राजा पडला भित्रा. उद्या आपल्यालाच ताप आला तर, म्हणून त्यानं बागेला भिंत घातली आणि दवंडी पिटवली, सालीला हात लावील तो खाणीत जाईल. खाणीतून परत आलेला माणूस त्या नगरात कुणी पाहिला नव्हता.

भिंतीच्या दाराशी झिलू उभी असायची. झिलू म्हणजे केरोबा तांबटाची लेक, पण पोटची नव्हे, हातची. केरोबाला मूलबाळ नव्हतं. त्यानं तांब्याचा पत्रा ठोकून ठोकून एक चिमुरडी पोर घडवली, आत इवली इवली चाकं नि कमानी बसवल्या, आणि ती चालायला लागली, हसायला लागली, बाबा म्हणायला लागली. केरोबा इतका सरळ की भांड्याला पोचा असला तर आधी आपणच गिऱ्हाइकाला दाखवायचा. पोरही आपल्यासारखीच सरळ व्हावी म्हणून त्यानं तिच्या गळ्यात इटुकली झडप बसवली. शब्द खरा असला की उघडायची, खोटा असला की मिटायची. हे राजाच्या कानावर गेलं आणि झालं, झिलू दुसऱ्याच दिवशी बागेच्या राखणीला. गरिबाची वस्तू राजानं मागितली म्हणजे दिलीच म्हणायची.

रोज दिवेलागणीला कोतवाल येऊन विचारायचा, आज कोण आलं होतं. झिलू सांगायची. तिला दुसरं येतच नव्हतं. सोनबा माळ्यानं नातवासाठी बोटभर साल काढली, तेही तिनं सांगितलं. सोनबा खाणीत गेला आणि नातू तापात गेला. पुढच्या खेपेला ती गप्प राहून बघायला गेली, तर कोतवालानं भिंतीलगतच्या सात घरांतली माणसं उचलली. गप्प बसणं म्हणजे कबुलीच, म्हणाला. तेव्हापासून झिलूच्या छातीतलं एक चाक अडखळायला लागलं. केरोबानं तेल घालून पाहिलं. अहो, दुःखाला कुठलं आलंय तेल!

एका सकाळी भिंतीवरून येसू उतरली. धोब्याची सात वर्षांची पोर, परकर फाटलेला, पाय खरचटलेले. घरी पाळण्यातला भाऊ तापानं फणफणत होता. झिलूला पाहताच ती जागच्या जागी थिजली, मग तिनं नुसते हात जोडले, सालीची एक पट्टी सोलली, पोलक्यात खोचली आणि आली तशी गेली. झिलूनं सगळं पाहिलं. संध्याकाळ व्हायला तीनच प्रहर उरले होते.

दुपारी ती तळ्याकाठी बसली. बाग काय सुंदर दिसत होती म्हणून सांगू! पिवळीधमक शेवंती, जांभळी गोकर्णं, पाण्यावर उन्हाच्या चांदण्याच चांदण्या. त्या चांदण्यांत एक इवलीशी निळी माशी बुडत होती. झिलूनं ओंजळ घालून तिला वर काढलं, पंख वाळेपर्यंत फुंकर घातली. आणि माशीची झाली परी. बोटाएवढी, मोरपंखी झग्यातली, केसांत दवाचे थेंब.

परी म्हणाली, माग काय हवं ते. पण माझे तीन नियम आहेत. झालेलं पुसता येणार नाही, राजाचा शब्द मला मोडता येणार नाही, आणि दिलेलं मी परत घेत नाही.

झिलूनं हळूच सांगितलं, "मला खोटं बोलता येऊ दे."

परीचा चेहरा उतरला. इतक्या वर्षांत हे मागणं तिच्याकडं कुणी केलं नव्हतं. "पोरी, चांगलं तेवढं खोटं वेगळं काढून मला देता येत नाही. झडप कायमची उघडी राहील. मग कुठलं बोलायचं आणि कुठलं नाही, हे रोज तुझं तुलाच ठरवावं लागेल. सांगायला मी नसेन, तुझे बाबाही नसतील."

"चालेल," झिलू म्हणाली. परीनं तिच्या गळ्याला बोट लावलं, आणि पाण्यावर नुसता निळा उजेड उरला.

संध्याकाळी कोतवालानं विचारलं. कुणी आलं नव्हतं, झिलू म्हणाली. तो मान हलवून गेला. इतकं सोपं होतं ते! झिलूला हायसं वाटायच्या ऐवजी भीतीच वाटली.

सकाळी झाडाचं सोललेलं खोड राजाच्या नजरेस पडलं. दरबार भरला. झिलूला मधोमध उभं केलं. तिच्या शेजारीच कोतवाल होता. तिच्या मनात आलं, याचंच नाव घेतलं तर? सगळे विश्वास ठेवतील. सोनबाला नेणारा हा, सात घरं उजाड करणारा हा. एक शब्द, की हा खाणीत. शब्द अगदी जिभेवर आला. मग तिला आठवलं की साल यानं काढलेली नाही, आणि तिनं तो शब्द गिळला. गिळताना फार जड गेला.

"मीच काढली," ती म्हणाली. "दाराबाहेर टाकली. कुणी उचलली ते पाहिलं नाही."

राजानं केरोबाला बोलावलं, तिला तेच पुन्हा बोलायला लावलं आणि तिचा गळा तपासायला सांगितलं. केरोबानं वाकून पाहिलं. झडप उघडी होती. त्या सरळ माणसानं जे पाहिलं तेच सांगितलं: "पोर खरं बोलतेय, महाराज."

पुतळीला खाणीत धाडून काय उपयोग? राजानं हुकूम दिला, वितळवा तिला. आणि कोण वितळवणार, तर ज्यानं घडवली तोच. म्हणतात ना, राजानं मारलं आणि पावसानं झोडपलं तर दाद कुणाकडं मागायची.

केरोबाच्या भट्टीपुढं झिलू उभी राहिली. मागं कोतवाल होता, कान टवकारून. केरोबाच्या डोळ्यांतल्या पाण्याला खंड नव्हता. त्यानं विचारलं, "झिले, खरंच तूच काढलीस गं?"

बाबांना खरं सांगावं, म्हणून तिचा जीव तुटत होता. पण बाबांना खोटं बोलता येत नाही. उद्या कोतवालानं दरडावलं की येसूचं नाव त्यांच्या तोंडून निघणारच.

"हो बाबा," ती म्हणाली. या दोन शब्दांपुढं भट्टी काहीच नव्हती.

केरोबानं तोंड फिरवून भाता ओढला. लाल, केशरी, पिवळ्या ज्वाळा उठल्या, आणि त्यांच्या ऐन मध्यात निळा उजेड झाला. तो फक्त झिलूला दिसला. परी म्हणाली, हुकूम मोडता येत नाही, तांबं वितळेल. पण तू काही नुसतं तांबं नाहीस. चल माझ्याबरोबर. जाताना अजून एक माग.

झिलूनं मागितलं, सोनसालीचं झाड भिंतीबाहेर येऊ दे.

भट्टीतून ठिणग्यांचं कारंजं उडालं. सोनेरी, रुपेरी, हिरव्यागार ठिणग्या साऱ्या नगरावर झरझर बरसल्या, आणि परी त्या लखलखाटात झिलूचा हात धरून दिसेनाशी झाली. मुशीत तेवढं तांबं राहिलं. सकाळी दारादारात सोनसालीचं एकेक रोप उभं होतं. राजानं तरी किती भिंती घालाव्यात? ताप गेला. केरोबानं मात्र त्या दिवसापासून हातोडी हातात धरली नाही.

सात वर्षांनी राजा मेला, कोतवाल परागंदा झाला, आणि येसू केरोबाच्या अंगणात येऊन उभी राहिली. तिचा भाऊ आता शाळेत जात होता. तिनं रडत रडत सगळं सांगितलं. साल मी काढली होती काका, माझ्यामुळं तुमची झिलू गेली, तुम्हाला काहीच ठाऊक नव्हतं.

केरोबानं सगळं ऐकलं. त्याचे ओठ हलत होते, शब्द निघत नव्हता. मग त्यानं पोरीच्या डोक्यावर हात ठेवला.

"मला ठाऊक होतं, बाळ. जाताना ती मला सांगून गेली होती. येसूवर रागावू नका, म्हणाली."

झिलू असं काही म्हणाली नव्हती. अंगणातल्या सोनसालीवर, पानांमधल्या उजेडात ती परीशेजारी बसली होती आणि सगळं ऐकत होती. बाबा जन्मात पहिल्यांदा खोटं बोलले होते, आणि तिला त्यांचा फार फार अभिमान वाटला.