आडात आहे, पोहरा नाही

एका गावात एक पोरकी मुलगी राहायची. घर तिचं, घरातली कोठीची खोली तिची, खोलीतला जोंधळा आणि गुळाच्या ढेपाही तिच्याच. भाऊबंदांनी लुटू नये म्हणून राजा तिचा पालक झाला. त्याने खोलीला कुलूप घातलं, वर लाखेची मोहोर लावली आणि दवंडी पिटली, "मोहोर तोडेल त्याचा हात कलम!" दर महिन्याला तो स्वतः येऊन तिला लागेल तेवढं काढून द्यायचा. पण पुढे राजा लढाईवर गेला आणि इकडे दुष्काळ पडला.

राजाच्या कोठारातून गरिबांना शिधा मिळू लागला. नियम एकच: 'ज्याच्या घरी आहे, त्याला नाही.' कोठावळा नियमाचा इतका पक्का, की सख्ख्या सासूलाही त्याने हात हलवत परत पाठवलं होतं.

मुलगी टोपली घेऊन आली तेव्हा तो हसला. "पोरी, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं म्हणतात. तुझा आड तर तुडुंब आहे!"

"आहे काका. पण पोहरा राजाकडे आहे."

"मी येऊनच बघतो," कोठावळा म्हणाला.

भर उन्हात तो तिच्या घरी पोचला. उपाशी मुलीने त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

"नुसतं पाणी? पाहुण्याला गुळाचा खडाही नाही?"

मुलगी लाजेने अर्धमेली झाली. "खोलीत पुष्कळ आहे, काका. तुम्हीच काढून घ्या. मलाही थोडा द्या."

कोठावळा ऐटीत उठला. कुलपाला हात लावणार, तोच लाल मोहोर दिसली. हात झटकन मागे आला.

"मला एक खडा घेता येईना," तो पुटपुटला, "आणि हिला म्हणतो, तुझ्याकडे सगळं आहे!" त्याला स्वतःची फार लाज वाटली. त्याच दिवशी त्याने तिच्याकडे शिधा पोचवला.

"राजाने जाब विचारला तर?" मुलीला धास्ती वाटली.

"तर त्याला तुझ्या घरी आणीन आणि नुसतं पाणी देईन!"

राजा परतला. सगळं ऐकून खजील झाला. त्याने नियमातला एकच शब्द बदलला: 'ज्याच्या हाती आहे, त्याला नाही.'

मुलगी सज्ञान झाली, मोहोर निघाली. गुळाची पहिली ढेप तिने कोठारावर नेऊन दिली. तेव्हापासून तिथे येणाऱ्याला आधी गूळ-पाणी मिळतं, चौकशी मागाहून होते.

तात्पर्य: माणसाच्या घरात काय आहे हे मोजण्याआधी, त्याचा हात कुठवर पोचतो ते पाहावं.