काचेतल्या मामाला घोंगडी

सन दोन हजार तेवीस. पौषी पौर्णिमा. संक्रांतीला नऊ दिवस होते. थंडी अशी, की बाटलीतलं खोबरेल काडीने उकरून काढावं लागे.

त्या दिवसांत माणदेशातल्या एका गावात धुळाप्पा नावाचा एक भोळा सणगर होता. घोंगड्या विणायचा. हात हुशार, डोकं भोळं. सांगितलेलं तो तंतोतंत करी. सगळं तिथंच बिघडे.

त्याची आई अंबूबाई. तिचा धाकटा भाऊ बिराप्पा. दोन वर्षांपूर्वी धुळाप्पाकडे लोकर नव्हती. माग रिकामा पडला होता. तेव्हा बिराप्पाने आपल्या मेंढ्यांची सगळी लोकर आणून टाकली. "मला फक्त एक घोंगडी दे," म्हणाला. पण घोंगडी मागावरून उतरायच्या आत तो मुलाकडे राहायला गेला. मुलगा फौजेत, लखनौला.

पोस्टाने पाठवता आली असती. पण त्या घरची रीत वेगळी. देण्याची घोंगडी आपल्या हाताने घेणाऱ्याच्या अंगावर घालायची. "ऊब आली का?" विचारायचं. तो "आली" म्हणाला की देणं फिटलं. तोवर नाही.

अंबूबाईने पण केला होता, "भावाच्या अंगावर पडेपर्यंत मी घोंगडी घेणार नाही." दोन हिवाळे ती जुन्या लुगड्यात कुडकुडत होती. आता खोकला छातीत उतरला होता.

अशात बिराप्पाच्या मुलाचा निरोप आला. भोगीच्या दिवशी ग्रामपंचायतीच्या संगणकावर या. व्हिडिओ कॉल करू. बाबा समोर दिसतील. गावी कधी यायचं ते ठरवू.

पंचायतीचा संगणक रेश्मा अत्तार चालवायची. ती म्हणाली, "धुळाप्पादादा, त्या दिवशी मला शंभर कामं असतील. निदान चालू-बंद करायला शिका."

धुळाप्पा शिकायला गेला. संगणक चालू केला. बराच वेळ बघितला. मग भिंतीतली वायर उपटली आणि घरी निघाला.

रेश्मा ओरडली, "अहो, असं नसतं करायचं! आधी जे जे उघडं आहे ते एकेक मिटवायचं. मग काळोख होईपर्यंत थांबायचं. मग वायर काढायची."

"असं होय. आता लक्षात ठेवतो."

दुसऱ्या दिवशी पाण्याची टाकी भरून वाहू लागली. खाली सरपंचांची तूर वाळत पडली होती. पाणी सोडणारा नागू टाकीवर चढलेला होता. तो वरून ओरडला, "धुळाप्पा, मोटर बंद कर! पळ!"

धुळाप्पा पळाला. शाळेचं दार उघडं होतं. मिटवलं, बाहेरून कडी लावली. गुरुजी आत होते. हॉटेलातलं दुधाचं पातेलं उघडं होतं, झाकलं. पारावर म्हातारा केरबा जांभई देत होता. त्याचं तोंड मिटवलं. मग मोटरीशेजारी बसला.

नागू शिडी उतरून आला तेव्हा तूर पोहत होती.

"बसलास काय, शहाण्या?"

"काळोख व्हायची वाट बघतोय."

"अरे, सकाळचे नऊ वाजलेत!"

"म्हणूनच बसून घेतलं."

नागूने कपाळावर हात मारला. "ऐक. पाणी कोसळताना दिसलं की पहिल्यांदा बटण दाबायचं. कोणाला विचारायचं नाही. दुसरं काही करायचं नाही."

"असं होय. आता लक्षात ठेवतो."

तिसऱ्या दिवशी तो पंचायतीत गेला. रेश्माने सकाळपासून तीनशे नावांची रेशनची यादी संगणकात भरत आणली होती. डोळे दुखले म्हणून तिने यादी बाजूला सारली आणि डबा उघडला. पडद्यावर नुसतं चित्र राहिलं. चित्र डोंगराचं होतं. डोंगरावरून पाणी कोसळत होतं.

धुळाप्पाने कोणाला विचारलं नाही. भिंतीवरचं बटण दाबलं.

रेश्माच्या हातातला घास हातात राहिला. "काय केलंत हे?"

"पाणी थांबवलं. तुमची चटई भिजली असती."

"माझी यादी गेली हो! ते चित्र होतं, चित्र! काचेतलं पाणी भिजवतं का कधी? काचेत काही दिसलं तर ते खरं नसतं. नुसतं बघायचं. जागचं हलायचं नाही."

"असं होय. आता लक्षात ठेवतो."

चौथ्या दिवशी वीज नव्हती. रेश्माने सारी यादी पुन्हा हाताने कागदावर लिहिली. ओट्यावर उन्हात बसून लिहीत होती. दुपारी भाकरी खायला घरी निघाली. कागदांवर दगड ठेवला. "दादा, आत बसून खिडकीतून लक्ष ठेवा."

खिडकी बंद होती. काच मात्र स्वच्छ होती.

सरपंचांची शेळी आली. तिने दगड ढकलला. पहिलं पान खाल्लं. मग दुसरं. धुळाप्पा नुसता बघत राहिला. जागचा हलला नाही.

रेश्मा परतली तेव्हा शेळी शेवटचं पान चघळत होती.

"तुम्ही आंधळे आहात का?"

"नाही ताई. सगळं बघितलं. अकरा पानं खाल्ली. पण ती काचेतली होती."

रेश्मा ओट्यावरच बसली. तिला रडू येत होतं. तेवढ्यात तिला भोगी आठवली. हा माणूस मामाशी बोलणारच नाही, नुसता बघत बसेल, हे तिच्या ध्यानात आलं. ती हात जोडून म्हणाली, "दादा, परवा काचेत मामा दिसतील. ते खरे मामा असतील. पक्के खरे. समोर बसलेल्या माणसाशी वागतो तसंच त्यांच्याशी वागायचं. कळलं?"

"असं होय. आता लक्षात ठेवतो."

भोगी उजाडली. धुळाप्पा आईला घेऊन पंचायतीत आला. काखेत गुंडाळी होती. रेश्माने कॉल जोडून दिला.

पडद्यावर बिराप्पा आला. डोक्याला माकडटोपी, नाक लाल. "अक्का! बरी आहेस का?"

अंबूबाईला खोकल्याची उबळ आली. बोलता येईना. तिने नुसती मान हलवली.

धुळाप्पाने पुढे होऊन टेबलाच्या पायांवर डोकं ठेवलं.

"मामा, कधी येता?"

"कसला येतोय, बाबा. गुडघे गेले. डॉक्टर प्रवासाला नको म्हणतो. आणि इथली थंडी! हाडं फोडते बघ."

अंबूबाईने डोळ्याला पदर लावला. आणखी एक हिवाळा. कदाचित सगळेच.

धुळाप्पाने गुंडाळी सोडली. नवी काळी घोंगडी झटकली आणि संगणकावर घातली. मागून नीट खोचली. वारा शिरू नये म्हणून कडा खाली दाबल्या.

आतून आवाज आला, "अरे, काय झालं? मला काही दिसेना!"

"मामा, घोंगडी घातली. तुमचीच आहे. ऊब आली का?"

रेश्माने ओढायला हात पुढे केला, तो अंबूबाईने धरला.

मग आतून आवाज आला. "आली रे, बाळा. चांगली ऊब आली. अक्का, आता तू घे."

"दादा," रेश्मा म्हणाली, "आता मी पंचायतीचं काम कसं करू?"

"हळू बोला. मामा उठले की करा."

अंबूबाई घरी आली. मागाजवळची दुसरी घोंगडी उचलून तिने अंगावर घेतली.

देणं फिटलं.