पहिला घास कोणाचा

एका राज्यात देव तीन होते, राजगुरू तीन होते आणि लाज एकालाही नव्हती. प्रत्येक गुरू म्हणे, पहिला घास माझ्या देवाचा. राजा भित्रा. त्यानं दवंडी पिटवली: तिघांचं एकमत होईपर्यंत कोणी जेवायचं नाही. गुरूंनी वर शाप ठेवला: जो अन्न तोंडात घालील तो दगड होईल.

मुदपाकखान्यातल्या यमुनेनं नैवेद्याचा भात शिजला का पाहायला एक शीत तोंडात टाकलं. तीस वर्षांची सवय. ती गुडघ्यांपर्यंत दगड झाली.

तिची मुलगी शेवंती. प्रश्न विचारते म्हणून पाठशाळेतून हाकललेली. ती तडक दरबारात शिरली. सिंहासनावर एक बोलकी साळुंकी बसलेली असे. ती म्हणाली, "शापाचे तीन गंडे तिघांच्या मनगटांवर आहेत. जो निरुत्तर होईल त्याचा गंडा तुटेल. सूर्य मावळला की तुझी आई पुरती दगड."

शेवंतीनं पहिल्या गुरूला, मेघाचार्याला विचारलं, "उद्या तुमच्या देवाला पाऊस हवा आणि दुसऱ्याच्या देवाला ऊन. मग?"

"माझा जिंकेल."

"जो हरतो, तो देव कसला? सांगा या दोघांना तोंडावर, की त्यांचे देव देवच नाहीत."

मेघाचार्यानं शेजारी पाहिलं आणि ओठ मिटले. गंडा तुटला.

दुसरा गुरू अग्निदत्त हसला. "कार्टे, देव भांडतच नाहीत. तिघांची इच्छा सदैव एकच."

"एकाच्या इच्छेनं सगळं भागतं, तर उरलेले दोघे काय करतात? तुमच्यासारखे नुसते बसतात?"

दुसरा गंडा तुटला. तिकडे मुदपाकखान्यात यमुना गळ्यापर्यंत दगड झाली होती.

"वडीलधाऱ्यांशी असं बोलतात?" तिसरा गुरू, म्हातारा भूधरस्वामी गरजला. "तिघेही परिपूर्ण आहेत!"

"मग वेगळे कशावरून? एकाकडे आहे ते दुसऱ्याकडे नसेल, तर दुसरा अपुरा. सगळं सारखंच असेल, तर तीन मोजलेत कसे? तो एकच आहे. तुम्ही त्याचे वाटे पाडलेत आणि आम्हाला उपाशी मारलंत!"

म्हातारा लाजला नाही. गंडा मात्र तुटला. तिकडे यमुनेच्या अंगावरून दगड खपल्यांसारखा गळाला.

राजा चाचरला, "आता पहिला घास?"

"देव एकच, त्याच्यापुढे रांगेत कोणीच नाही, महाराज. कोणी आधी जेवलं तरी त्याची पाळी चुकत नाही." शेवंतीनं मुदपाकखान्यात धाव घेऊन आईला घास भरवला.

यमुना म्हणाली, "मीठ कमी आहे."

त्या दिवशी राज्य पोटभर जेवलं. तिन्ही गुरूंनी पंगत वाढली आणि ते सर्वांत शेवटी बसले. पहिला घास कोणाचा, यावर तेव्हा कोणी भांडलं नाही. पातेल्यात फक्त खरवड उरली होती.