दगडी राजा आणि केवड्याची रुपली

एका राज्यात एक नदी होती आणि नदीच्या घाटावर एक दगडी राजा गळ टाकून बसलेला होता. जन्मतः दगडी नव्हता, हळूहळू झाला. कसा झाला ते सांगते, मध्ये कोणी बोलू नका.

नदीचं नाव भिंगरी. दरवर्षी काशाच्या गवताला तुरे आले की समुद्रातून रुपली नावाची मासोळी भिंगरीत शिरायची आणि उलट्या पाण्यानं चढत जन्मगावच्या वाळूत अंडी घालायला यायची. बोटाएवढं पिलू समुद्रात जायचं, हाताएवढी रुपली होऊन बरोबर आपल्याच घाटाशी परतायचं. सगळ्यांच्या पुढे एक थोराड रुपली असायची, तिला म्हणायचे वाटाडी. म्हणून घाटावरच्या गळकऱ्यांची रीत अशी, की हंगामातली पहिली रुपली ज्याच्या गळाला लागेल त्यानं तिला हळदीचं बोट लावायचं आणि सोडून द्यायचं. मग पुढच्या ज्यानं त्यानं आपापल्या नशिबानं धराव्या.

राजा मेघसेनाला गळाचा भारी नाद. घाटावर राजा-रंक काही नव्हतं. जो उशिरा येईल तो खालच्या पायरीवर बसेल. राजा दरबार आटपून यायचा, म्हणून त्याची जागा कायम सगळ्यात खाली, पाण्याला लागून. एका वर्षी पहिली रुपली त्याच्याच गळाला लागली. उजव्या पंखाला गळ अडकला, पंख थोडा फाटला. राजानं हळद लावली, सोडायला हात खाली नेला, आणि पुन्हा वर घेतला. मनात वाईट काही नव्हतं त्याच्या. त्याला वाटलं, वर पाणमांजरं टपलेली असतात, कशाला हिला पाठवायची? राजवाड्यात नेऊ, हिचं एकेक अंडं जगवू, नदी रुपल्यांनी भरून टाकू. माया होती, पण रीत मोडली ती मोडलीच.

राजानं संगमरवरी कुंड बांधलं, विहिरीचं पाणी सोडलं, वाटाडीला त्यात ठेवलं. दुसऱ्या दिवशी घाटावर बसला तर नदी बोलली, "वाट दाखवणारी कोंडलीस. माझ्या पाण्यातून पहिली रुपली वरच्या वाळूकडे चढून जाईल तेव्हाच तू उठशील." राजा उठायला गेला तर पावलं पायरीत चिकटलेली, काळीभोर, दगडाची.

आता शहाण्या माणसानं वाटाडीला सोडलं असतं. पण राजा म्हणाला, रुपल्या चढायला हव्यात ना, मग जास्त पिलं सोडू. दरवर्षी कुंडातून पिलांच्या घागरी यायच्या, सनई वाजायची, पिलं नदीत पडायची, समुद्रात जायची. आणि परत एकही यायचं नाही. एका वर्षी दगड गुडघ्यापर्यंत चढला, पुढच्या वर्षी कमरेपर्यंत. गळकरी रोज येऊन बसायचे. धोंडजी म्हातारा पाण्याला बोट लावून म्हणायचा, आज पाणी गार आहे, आज येणार. कोंडाई म्हणायची, काल कोमट होतं तेव्हाही तुम्ही हेच म्हणालात. मग राजाला म्हणायची, "महाराज, जरा सरका. दगड झालात म्हणून दोघांची जागा अडवायची का?" राजा हसायचा. सरकता येत नव्हतं, पण हसता येत होतं.

यंदा काशाला तुरे आले आणि दगड छातीला लागला. तुरे झडायच्या आत रुपली आली नाही तर काळजाचा दगड होणार, हे सगळ्यांना दिसत होतं, बोलत कोणी नव्हतं.

राणीचं नाव इंदुला, ती मात्र बोलणारी बाई. तिला माशाचा वासही सहन होत नसे, पण नवरा तिचा होता. राजाच्या खांद्यावर एक पाणकावळा पंख वाळवत बसायचा. राणीनं त्यालाच गाठलं.

"तू नदीभर हिंडतोस. रुपल्या मेल्या की जिवंत आहेत?"

"जिवंत आहेत," पाणकावळा म्हणाला. "नदीच्या मुखाशी उभ्या आहेत. आत येत नाहीत."

"का?"

"मी खातो त्यांना. चौकशा करत नाही."

राणी नावेत बसली आणि मुखाशी गेली. खरंच, जिथे भिंगरी समुद्राला मिळते तिथे हजारो रुपल्या नदीकडे तोंड करून उभ्या होत्या, दारात उभा राहून कुलूप बघत राहावं तशा. तिथे खारजोगी नावाचा मांत्रिक फेसाच्या जटा विंचरत बसला होता. राणीनं विचारलं, यांना तू अडवलंस का? तो म्हणाला, "मी कोणाला अडवत नाही. यांना घरचं पाणी ओळखू येत नाही. तू आणून दाखव. तीन घागरी आण. तिसरीलाही नाही ओळखलं, तर या समुद्रात माघारी फिरतील आणि पुन्हा येणार नाहीत."

राणीनं पहिली घागर घाटावरून भरून आणली. जिथे पिलं सोडली तेच घर, हे उघड होतं. घागर ओतली. रुपल्यांनी पाणी हुंगलं आणि पाठ फिरवली.

राणी परतली, विचार करत बसली. पिलं सोडली घाटावर, पण वाढली कुठे? कुंडात. कुंडात पाणी विहिरीचं. दुसरी घागर विहिरीची. ती ओतली तेव्हा काही रुपल्या दोन-चार हात पुढे आल्या, मग थबकल्या. शेजारणीच्या उंबऱ्यावर चुकून पाय पडावा तशा ओशाळल्या आणि मागे झाल्या.

आता एकच घागर उरली. राणी नावेच्या कडेला ओणवी झाली, दमली होती, पदर पाण्यात गेला. पदर पाण्याला लागला मात्र, रुपल्या धावत आल्या आणि पदराला तोंडं लावू लागल्या. एक हिसका देऊन तर पदर ओढूच लागली. राणीनं पदर वर घेतला, हुंगला. केवडा, तिचं नेहमीचं अत्तर.

मग तिला आठवलं. कुंडाला माशांचा वास येतो म्हणून तिनंच हुकूम दिला होता, रोज त्यात केवड्याचं अत्तर शिंपडा. केवड्यात जन्मलेली पिलं, केवडा हुडकत मुखाशी उभी होती. नदीला केवड्याचा वास कुठला?

राणीनं तिसरी घागर भरायला घेतलीच नाही. तिनं खारजोग्याला सांगितलं, "तिसरी घागर मी इथे आणणार नाही. तिथूनच ओतणार आहे. यांना थोपवून धर."

"किती मोठी घागर?" त्यानं विचारलं.

"संगमरवरी," राणी म्हणाली.

ती तशीच घाटावर आली. दगड राजाच्या गळ्याशी आला होता, हात आणि तोंड तेवढं मोकळं होतं. तिनं सगळं सांगितलं, केवड्याचंही सांगितलं. म्हणाली, कुंड फोडते. पाणी ओढ्यानं नदीत येईल, नदीनं समुद्रात जाईल, रुपल्या त्या वासावर चढतील.

राजा म्हणाला, "कुंडात यंदाची पिलं आहेत. वाटाडी आहे. सगळी वाहून जातील, इंदुले. एवढंच उरलंय माझ्याकडे."

"तुमच्याकडे मीही उरलेय," राणी म्हणाली. "दगडाशी संसार करायला मला बोलवून आणलं नव्हतंत."

राजानं गळ आवरला, पुन्हा पाण्यात टाकला. मग म्हणाला, "हातोडा जड आहे. दोन्ही हातांनी धर."

राणीनं कुंड फोडलं. कुंडाचा कारभारी आडवा आला, त्यालाच तिनं पलीकडची बाजू फोडायला लावली. विहिरीचा पाटही तिकडेच वळवला. अत्तराचे बुधलेच्या बुधले ओढ्यात पालथे केले. पाणी केवडा घेऊन उतरलं, पिलं घेऊन उतरलं, आणि म्हातारी वाटाडी फाटका पंख हलवत पुढे निघाली. घाटावरच्या गळकऱ्यांनी नाकं वर केली. धोंडजी म्हणाला, लग्न कोणाचं आहे?

मग सगळे वाट बघत बसले. काशाचे तुरे झडू लागले. दगड राजाच्या हनुवटीला लागला. आणि एका सकाळी राजाच्या गळाला ओढ बसली.

कोणी हललं नाही. राजानं दोर आवरला, रुपली वर आली. उजवा पंख फाटका, अंगाला केवड्याचा वास. समुद्राला भेटून, मागे हजारो घेऊन वाटाडी स्वतः चढून आली होती. एवढ्या वर्षांनी हाताशी आलेली. राजाला ती सोडवेना, सगळ्यांना दिसत होतं. हात वर तसाच राहिला. दगड ओठाला लागला.

कोंडाईनं आपली हळदीची पुडी पुढे केली.

राजानं हळदीचं बोट लावलं, गळ काढला आणि हात पाण्यात नेला. या वेळी वर घेतला नाही. वाटाडी शेपटी मारून वरच्या वाळूकडे निघाली, तिच्या मागे नदी चांदीची झाली. राजाच्या अंगावरून दगड खपल्यांसारखा निघाला आणि पायऱ्यांवर खडखडत पडला. पाणकावळा दचकून उडाला, मग राणीच्या डोक्यावर बसायला बघत होता, तिनं हाकलला.

त्यापुढे राज्यात कोणी कुंड बांधलं नाही. पिलं जगवायचीच तर नदीचंच पाणी खेळवून, नदीच्याच वाळूत, हा कायदा झाला. काही रुपल्या मात्र अजूनही केवड्याच्या आशेनं ओढा चढून राजवाड्याच्या दाराशी येतात. राणी रोज नाकाला पदर लावून त्यांना परत नदीत सोडते आणि राजाच्या नावानं बोटं मोडते. राजा घाटावर असतो. उशिरा जातो, खालच्या पायरीवर बसतो आणि संध्याकाळ झाली की उठून घरी येतो.